माळवद, पत्रा आणि स्लॅब

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघी बहिणींनी एकत्र राहायचं ठरवलं आणि त्यासाठी लातूरच्या कडेला, नांदेड रस्त्याच्या अंगाला, एक लहानसा प्लॉट घेतला. अक्का माझ्याहून बरीच मोठी. तिनं सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून केली, आधी लातूरला आणि मग नांदेडला. लग्न केलं नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. माझे यजमान जाऊन काही वर्षं झालीत, मुलगी हैदराबादला तिच्या संसारात आहे. देवणीकडच्या आमच्या गावात आता आमचं असं कुणी राहिलेलं नाही. तेव्हा दोघींनी सोबत राहावं, एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळाव्यात, एवढाच विचार होता. घराला छप्पर कसलं घालायचं यावरून आमचं वाजेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

नकाशा काढायला घरचंच माणूस मिळालं. माझी एक जुनी विद्यार्थिनी इंजिनिअर होऊन लातुरातच घरं बांधते. ती एका सकाळी माझ्या भाड्याच्या घरी आली. अक्का दोन दिवस नांदेडहून माझ्याकडे आलेली होती, खाली बसून मेथी निवडत होती.

"बाई, खोल्या किती ते नंतर बघू," ती मुलगी म्हणाली. "आधी घर कसलं बांधायचं ते सांगा."

"माळवदाचं," मी म्हटलं.

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. ती हसली, मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. तेवढ्यात अक्का मान वर न करता म्हणाली, "पत्र्याचं बांधू."

"अगं, या वयात पत्र्याखाली? लातूरच्या उन्हात?"

"नांदेडच्या उन्हात इतकी वर्षं काढली न्हाई का?"

मुलीनं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघितलं. "लोक येतात ते सरळ स्लॅबचं बोलतात," ती म्हणाली. "बरं, मी तिन्हीचा हिशेब काढते. माळवद, पत्रा आणि स्लॅब. किती-किती लागतं ते समोर आलं की मग तुम्ही भांडा."

ती गेली. अक्कानं मेथीची भाजी केली, मी ज्वारीच्या भाकरी थापल्या, आणि सबंध जेवणभर मी मनातल्या मनात आमच्या गावातल्या घरात हिंडत होते.

आमचं ते घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, त्यांच्या आतून लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडाच्या चिपा दाटीनं बसवलेल्या, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा थर. छप्पर सपाट असल्यामुळे त्याला छप्पर म्हणावंसंच वाटत नसे. ते आमचं वरचं अंगण होतं. उन्हाळ्यात त्याच्यावर कुरडया वाळायच्या, डाळी वाळायच्या, आणि दिवस मावळला की त्याच जागी आमची अंथरुणं पडायची. गल्लीतली सगळी माळवदं एकमेकांना चिकटलेली. शेजारच्या काकूंकडे ताक आणायला जायचं तर खाली रस्त्यावर उतरायची गरज नसे, वरच्यावरच जाता यायचं. एखाद्या घरी पाहुणे आले की चार घरांना वरूनच कळायचं.

आणि गारवा. चैत्र-वैशाखात शाळेतून घरी आलं की उंबऱ्याच्या आत पाऊल टाकताच अंगावरचं ऊन गळून पडायचं. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागे. मग आधी पितळी घागर दिसायची, मग कोपऱ्यात बसलेली अव्वा. आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात, वडिलांना अप्पा.

सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही. वरून माती झडायची. चुलीवर अव्वा जुन्या लुगड्याचं छत बांधायची, तरी वरणात बारीक माती लागायचीच. पावसाच्या झडीत कुठे ना कुठे गळायचं आणि आम्ही तिथे पातेली मांडायचो. वरच्या किलचनातून, म्हणजे त्या चिपांच्या फटींतून, विंचू पडायचा. पण लहानपणी या गोष्टींची तक्रार वाटत नाही. दरवर्षी पावसाच्या तोंडावर अप्पा गावाच्या कडेची पांढरी माती गाढवांवर घालून आणायचे आणि जुन्या थरावर नवा थर द्यायचे. तो पायांनी तुडवून बसवायचं काम आम्हा दोघी बहिणींचं. अक्का पुढे, मी तिच्या मागे, तिच्या पावलात पाऊल टाकत. ओल्या पांढऱ्या मातीचा तो वास मला आजही कुठून तरी येतो आणि मी मागे वळून बघते.

ते माळवद अक्कानंच काढायला लावलं होतं. लातूरकडे मोठा भूकंप झाला तेव्हा आमच्या गावालाही हादरा बसला, पण घर उभं राहिलं. भिंतीला एखादी चीर गेली तेवढीच. त्यानंतर अक्का सुट्टीला गावी आली की बाहेर अंगणात बाज टाकून झोपायची. थंडीतही. अव्वाला वाईट वाटायचं. शहरात राहिलेल्या पोरीला आता आपलं घर गैरसोयीचं वाटतं, असं ती मला म्हणाली होती. मग अक्कानं अप्पांना पैसे पाठवले आणि माळवद गळतंय, काढून पत्रे घाला म्हणून मागेच लागली. माझं नवीन लग्न झालेलं होतं. पंचमीला माहेरी गेले तर घरावर पत्रे. अंगणात तुळया रचून ठेवलेल्या. अप्पा लिंबाखाली बसलेले, मला बघून म्हणाले, "आलीस? आत जा, तापलंय जरा." त्या 'तापलंय जरा'नं मला जे वाटलं ते मी कधी विसरले नाही. पुढे त्या तुळया एका व्यापाऱ्यानं नेल्या. अक्कावर माझा राग राहिला. तो असा भांडण्यासारखा नव्हता, पण होता.

आणि गंमत अशी की अक्का स्वतःही नांदेडला पत्र्याच्याच घरात राहिली. तिच्याबरोबरच्या नर्सबायांनी कर्ज काढून बंगले बांधले, स्लॅब टाकले, वरचे मजले भाड्यानं दिले. अक्कानं विटांच्या भिंती घातल्या आणि वर पत्रे. उन्हाळ्यात ती पत्र्यावर तुराट्या पसरायची, दुपारी पाइपनं पाणी मारायची आणि ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायची. पावसात आत बोललेलं ऐकू यायचं नाही. गल्लीत लोक तिला चिक्कू म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

आठवड्यानं इंजिनिअर मुलगी हिशेब घेऊन आली. लॅपटॉप उघडून आमच्यामध्ये बसली.

"बाई, तुमचं माळवद सगळ्यात महाग पडतंय," ती म्हणाली.

मला ते खरं वाटेना. माळवद म्हणजे आमच्यासारख्यांचं घर. गावात ज्याच्याकडे पैसा आला तो स्लॅब टाकायचा. स्वस्त घर महाग कसं होईल?

तिनं समजावून सांगितलं. सागवान घ्यायचं म्हटलं तर खांब, तुळया आणि चिपा एवढ्यातच स्लॅबच्या घराचा सगळा खर्च उठत होता. भिंती अजून बाकीच. जुनं लाकूड घ्यावं तर ते त्याहून महाग, कारण मोठ्या शहरांतले हॉटेलवाले आणि बंगलेवाले ते उचलतात. दगडाची जाड भिंत बांधणारे गवंडी बाहेरून आणावे लागणार, त्यांची राहण्या-खाण्याची सोय वेगळी. शिवाय जाड भिंतींनी आमच्या लहान प्लॉटमधली निम्मी जागा खाल्ली असती. पत्र्याचं घर अर्थातच सर्वांत स्वस्त. स्लॅबचं त्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि माळवदाचं, स्लॅबच्या दीडपटीहून पुढे.

"तुमच्या वडिलांना किती खर्च आला होता?" तिनं सहज विचारलं.

मी अक्काकडे बघितलं. तिलाही सांगता येईना. अप्पांचं कापडाचं दुकान होतं. वारभर कापडाचा भाव ते वर्षानुवर्षं मागचा सांगू शकायचे. पण घराला काय लागलं म्हणून कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "जवारी लागली, गूळ लागला." लिंब आणि बाभळी आमच्याच बांधावरच्या होत्या. मोठ्या तुळईसाठी किनवटकडचं सागवान तेवढं विकत आणलं होतं. माती गावची, तिला भाव नव्हता. हात शेजाऱ्यापाजाऱ्यांचे. ते आपल्या घरी आले तसं आपण त्यांच्या घरी जायचं, एवढाच व्यवहार. अव्वा त्या सगळ्यांना रांधून घालायची. तेव्हा ज्वारी आणि गूळ हाच खरा खर्च होता. मी हे सांगितलं तेव्हा मुलीनं लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

"म्हणजे या यादीतल्या बहुतेक गोष्टींना तेव्हा किंमतच नव्हती," ती म्हणाली. "आता प्रत्येक गोष्ट विकत घ्यायची."

"अव्वाच्या हातांची किंमत कुणी धरली न्हाई," अक्का म्हणाली. "म्हनून स्वस्त."

तरीही मी हट्ट सोडला नाही. दोन खोल्या कमी करू, पण माळवद घालू, असं म्हणत राहिले. तेव्हा त्या मुलीनं एक सुचवलं. अहमदपूरच्या अलीकडे रस्त्यालगत कुणीतरी जुन्या पद्धतीची घरं बांधून हॉटेल काढलं होतं. लोक तिथे जेवायला येतात, फोटो काढतात. एकदा बघून तर येऊ, म्हणाली. तिच्याच गाडीतून आम्ही तिघी निघालो.

हिवाळा संपत आला होता, पण दुपारचं ऊन लागत होतं. हॉटेल खरंच नजरेत भरण्यासारखं होतं. दगडी भिंती, कोरीव चौकट, दारात पितळी समई. आत गेले आणि मला कसंसंच झालं. तीच गार सावली. तशाच तुळया, तशाच चिपा. लाकूड कंधारकडच्या पाडलेल्या घरांतून आणलं, असं तिथल्या मॅनेजरनं सांगितलं. मी एका खांबावर हात ठेवून उभी राहिले. कुणाच्या तरी घरचा खांब होता तो, पोरांनी धरून-धरून खालून गुळगुळीत केलेला.

अक्का आत आलीच नव्हती. मी दारात जाऊन हाक मारली, "अक्का, आत ये की. गार हाय बघ किती."

"तू बघ. मी हितंच बरी."

मॅनेजरनं तिच्यासाठी खुर्ची बाहेर आणून भिंतीच्या सावलीत ठेवली. अक्कानं ती उचलली आणि पार लांब, उन्हात नेऊन मांडली. छत्री उघडून बसली. मला राग आला. एवढ्या हौसेनं आलो आणि हिचं हे. पण इंजिनिअर मुलगी अक्काच्या खुर्चीकडे बघत होती, मग भिंतीच्या उंचीकडे.

आत येऊन पुन्हा त्या खांबाला हात लावत मी मॅनेजरला विचारलं की वरची माती दरवर्षी घालता का. तो म्हणाला, "नाही मॅडम, वर स्लॅबच आहे. लाकूड खाली दाखवायला लावलंय. माती कोण सांभाळणार." म्हणजे दोन्ही खर्च केलेले होते, स्लॅबचाही आणि लाकडाचाही. माझा हात खांबावरून आपोआप खाली आला.

परतताना आम्ही चहाला थांबलो. रस्त्याकडेचं लहान हॉटेल, वर पत्रा. अक्का तिथे निवांत बाकावर बसली. चहा आल्यावर त्या मुलीनं तिला विचारलं, "अक्का, तुम्ही तिथे आत का नाही आलात?"

मला वाटलं ती टाळेल. पण परक्या माणसानं सरळ विचारलं की काही लोक बोलतात.

"भूकंपाच्या वेळी मी लातूरला होते," ती म्हणाली. "दवाखान्यात. पहाटेपास्नं माणसं येऊन राहिली. ट्रकमधी, ट्रॅक्टरमधी, जीपमधी. आम्हाला आधी कळंना का झालंय. हातपाय मोडलेले व्हते, पण लई जणांना वरून जखम दिसत न्हवती. तोंडात माती. नाकात माती. मी दिवसभर दुसरं काई केलं न्हाई. ओल्या कापडानं लोकांच्या तोंडातली माती काढत व्हते."

तिनं कप खाली ठेवला.

"पांढरी माती," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "आपली. तोच वास."

तिनं पदरानं ओठ पुसले आणि पुढे सांगू लागली.

"एक बाई व्हती, माझ्याच वयाची. तिची दोन्ही लेकरं गेलती. ती रडत न्हवती. सारखं एकच म्हणायची, औंदा माती मीच टाकली, दोन थर टाकली, गळू नाई म्हणून. मी म्हटलं, बाई, तुझा काय दोष. गळू नाई म्हणूनच टाकली की. पण तिच्या डोक्यातून ते जाईना. मोडलेला पाय बांधून आम्ही तिला दवाखान्यातच ठेवलं. बरी झाली, गेली. नंतर मी सुट्टी घेऊन तिला बघायला गेले. सरकारनं पत्र्याची शेडं बांधून दिलती. उन्हाचं नुसतं भट्टीवानी. मी म्हटलं, कसं राहतीस गं हितं? तर म्हणाली, सिस्टर, हितं झोप येती. पडलं तर काय पडंल? पत्रा."

रस्त्यावरून एक एसटी गेली. चहावाला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता.

"मी गावी आले," अक्का पुढे म्हणाली. "आपल्या घरात आडवी झाले. वर बघितलं तर मला श्वासच घेता येईना. दरसाली आपण दोघींनी तुडवलेली माती. सगळी डोक्यावर."

"मग अप्पाला खरं का सांगितलं नाहीस? गळतंय म्हणालीस."

"अप्पाला काय सांगू? तुम्ही बांधलेल्या घराचं मला भ्या वाटतंय म्हणू?"

"आणि मला?"

यावर ती जरा हसली. "तू माळवदाचं नाव काढलं की डोळ्याला पदर लावायचीस. तुझी आठवण चांगली हाय. ती कामून खराब करू?"

इंजिनिअर मुलीनं आमच्यासाठी आणखी एक-एक चहा सांगितला. मी तो प्यायले की नाही ते आठवत नाही. मला अंगणातली ती बाज दिसत होती, थंडीत गोधडी डोक्यावरून घेऊन झोपलेली अक्का, आणि दारातून तिच्याकडे बघत उभी असलेली अव्वा. अव्वाला शेवटपर्यंत वाटत राहिलं की लेकीला घर आवडत नाही. ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

गाडीत बसल्यावर मी मुलीला म्हटलं, "माळवद नको. तू पत्र्याचंच काढ."

"पत्रा तुम्हाला सोसणार नाही, बाई," ती म्हणाली. "अक्कांचं वय बघा, त्यांचं ब्लडप्रेशर बघा. आणि अक्का, तुम्हाला मी स्लॅबचं एक दाखवते. मग ठरवा."

"स्लॅब बी वजनदारच की," अक्का म्हणाली.

"वजनदार आहे. पण ते भिंतीवर नसतं."

पुढच्या आठवड्यात ती आम्हाला तिच्या एका साइटवर घेऊन गेली. तिथे अजून भिंती नव्हत्याच. पाया, त्यातून वर आलेले कॉलम आणि त्यांना बांधणारे बीम. मुलगी अक्काला सांगत होती की सगळं एका सांगाड्यासारखं बांधलेलं असतं, आणि हादरा बसला तर ते एकत्र हलतं, भिंती फक्त मध्ये भरलेल्या. अक्काला सांगाडा हा शब्द पटकन कळला. ती वाकून सळयांच्या गाठी बघत होती, सळयांभोवतीची एक कडी हातानं ओढून बघितली. किती प्रश्न विचारले तिनं. ही कडी इतक्या जवळ का, ती लांब का. सिमेंट कमी घातलं तर कसं कळेल. मुलगी प्रत्येकाचं उत्तर देत होती. शेवटी अक्का म्हणाली, "हाडं नीट बसवलेली दिसतात."

असं आमचं ठरलं. कॉलम-बीमचं घर म्हणजे नुसत्या विटांच्या भिंतींवर स्लॅब टाकण्याहून महाग, हे मुलीनं लपवलं नाही. त्यासाठी आम्ही वरची खोली रद्द केली, दारापुढची कमान रद्द केली, किचनची महागडी कपाटं रद्द केली. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक पडवी. अक्कानं एकच अट घातली, की पडवीला पत्रा हवा. मी लगेच हो म्हटलं.

बांधकामाचे ते महिने मला आता फार प्रिय वाटतात. रोज सकाळी आम्ही दोघी रिक्षानं प्लॉटवर जायचो. शेजारच्या पडीक जागेत एक बाभूळ होती, तिच्या सावलीत सतरंजी टाकून बसायचो. डब्यात भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. बांधकामाचा गुत्तेदार आम्हाला बघून सुरुवातीला वैतागायचा, मग स्वतःच येऊन चहा मागायला लागला. स्लॅब पडला त्या दिवशी मिक्सरची घरघर, घमेली वर देणाऱ्या बाया, आणि खाली वाकून प्रत्येक टेकू तपासणारी ती मुलगी. आम्ही सगळ्यांना जेवण दिलं. बुंदीचे लाडू आणले होते, पण मला राहवलं नाही, म्हणून घरून हुग्गी करून नेली होती, गहू आणि गुळाची. अप्पांच्या घराच्या वेळी अव्वानं हेच केलं असणार, असं वाढताना मनात आलं.

मग स्लॅबवर पाणी मारायचं काम आलं. वर मातीची आळी करून त्यात पाणी साठवून ठेवतात. लातुरात पाणी म्हणजे काय ते लातूरकरांना सांगायला नको. टँकरवाला रोज भाव वाढवून सांगायचा. मी म्हणायची, आज एक वेळ टळलं तर काय होतं. अक्का ऐकायची नाही. "हाड बसायला येळ लागतो," म्हणायची आणि पाइप घेऊन शिडीवर चढायला निघायची. मीच मग तिला खाली ओढायची आणि गड्याला वर पाठवायची. यावरून आमची इतक्या वर्षांत झाली नव्हती तेवढी भांडणं झाली. खरी, मोकळी भांडणं. मला ती फार बरी वाटली.

शेवटी हिशेब जुळवला तेव्हा मुलीनं काढलेल्या अंदाजापेक्षा जास्तच लागले होते. ते सगळ्यांनाच लागतात. मी एकदा गंमत म्हणून तिला विचारलं की आता माळवदाचं केलं असतं तर काय झालं असतं. ती म्हणाली, "बाई, तुम्ही अजून बाभळीखालीच बसला असता."

वास्तू झाली. आम्ही राहायला आलो. पहिले काही आठवडे अक्का पडवीत पत्र्याखालीच झोपली. मी आग्रह केला नाही. मीही माझी गादी उचलून तिच्याजवळ टाकली. पत्रा रात्री गार होताना बारीक आवाज करतो, ते मला माहीत नव्हतं. मग गारठा वाढला, तिला खोकला झाला, आणि एका संध्याकाळी ती आपणहून आतल्या खोलीत गादी घेऊन गेली. खूप वेळ उताणी पडून वर बघत होती. मी दारात उभी होते.

"काय बघतीस?" मी विचारलं.

"काई न्हाई. गुळगुळीत हाय," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

आता उन्हाळ्यात वरचा स्लॅब तापतो. पाय ठेवू देत नाही. आम्ही त्यावर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी करून घेतली, त्याचा खर्च वेगळा. खोली माळवदासारखी गार होत नाही ती नाहीच. ते मी अक्कासमोर म्हणते आणि तीही नाकारत नाही.

परवा पौषातल्या कोवळ्या उन्हात आम्ही दोघी गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. कुठून विषय निघाला आठवत नाही, पण अक्का एकदम म्हणाली, "मी नर्सिंगला जायचा अभ्यास माळवदावरच केला, तुला ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा फार लहान असणार.

"अव्वा सारखं कामाला हाक मारायची," ती सांगू लागली. "पाणी आण, शेण काढ. पुस्तक उघडलं की हाक. तर अप्पानं काय करावं? दुकानाला जायच्या आधी मला वर चढवायचे आणि शिडीच काढून घ्यायचे, शेजारच्या काकूलाबी तिची शिडी लावू द्यायचे न्हाईत. खाली अव्वा बोंबलत बसायची. मी वर. दिवसभर."

"मग जेवण?"

"माळवदाला उजेडासाठी भोक ठेवतात न्हाई का, साणं. अव्वा खालून काठीला फडकं बांधायची, फडक्यात भाकरी, आणि त्या साण्यातून वर ढकलायची. वर ढकलायची आणि खालून शिव्या द्यायची." अक्काला हसू आवरेना. तिच्या मांडीवरच्या शेंगा गच्चीभर सांडल्या. "एकदा भाकरीत तिनं लाल तिखटाचा गोळाच घातला. अभ्यास कर म्हणली, कर आता."

इतक्या वर्षांत माळवदाचं काही सांगताना मी तिला पहिल्यांदाच हसताना बघत होते. मी शेंगा गोळा करता करता तिला विचारलं, मग ती भाकरी तू खाल्लीस का?

"खाल्ली की," अक्का म्हणाली. "खाली उतरायला शिडी कुठं व्हती?"